शिडी कुठंय?

विमानांच्या लढाईवरचा सिनेमा आमच्या सासरेबुवांच्या शेजारी बसून ज्यानं पाहिला नाही, त्यानं तो पाहिलाच नाही, असं माझं ठाम मत आहे. आणि ज्यानं पाहिला, त्यालाही तो धड पाहता आलेला नाही, हेही तितकंच खरं. पडद्यावर धोक्याचा भोंगा वाजतो, देखणा नायक अर्धवट चहाचा कप फेकून धावत सुटतो, केस उडताहेत, पार्श्वसंगीत चढतंय, अख्खं थिएटर खुर्चीच्या टोकाला आलंय, आणि नायक एका उडीत विमानात जाऊन बसतो. नेमक्या त्या क्षणी आमच्या रांगेच्या कडेच्या खुर्चीतून खणखणीत आवाज येतो, "शिडी कुठंय?" पुढच्या चार रांगा मागं वळून बघतात. सासरेबुवांना त्याचं काही नसतं. ते माझ्याकडे वळतात आणि तेवढ्याच आवाजात विचारतात, "जावईबापू, एवढं उंच विमान, हा चढला कसा? माकड आहे का?"

सासरेबुवा तरुणपणी हवाई दलात मेकॅनिक होते आणि लढाईच्या वेळी सरहद्दीजवळच्या एका विमानतळावर होते. आज ऐंशीच्या घरात आहेत, भिवंडीतल्या कामतघरला कापडाच्या लूमच्या कारखान्याला लागून असलेल्या आपल्या जुन्या घरात सासूबाईंबरोबर राहतात, आणि त्या काळाबद्दल स्वतःहून चकार शब्द काढत नाहीत. लढाईचं काही ऐकायचं असेल तर त्यांना सिनेमाला न्यावं लागतं. तिथं मात्र आपण न विचारलेल्या प्रश्नांचीही उत्तरं मिळतात. नायकाच्या तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क एका बाजूला का लोंबतोय, तर त्याचा चेहरा दिसावा म्हणून. खरा असता तर एव्हाना बेशुद्ध पडून गाणं संपायच्या आत जमिनीवर आला असता. वैमानिक हवेत एकमेकांशी इतकं बोलतात कसे, लग्नाला निघालेत का? मेकॅनिकच्या गालावर ग्रीसचा एकच पट्टा कसा, आणि तोही नेमका नायिकेला पदरानं पुसता येईल अशा जागी? "आमच्या कानात ग्रीस असायचं," ते सगळ्या थिएटरला सांगतात. "ते कोण पुसणार होतं?"

पण त्यांचा खरा राग पडद्यावरच्या शत्रूवर असतो. म्हणजे शत्रूच्या बाजूनं. आपल्या सिनेमातला शत्रूचा वैमानिक एकजात कुरूप असतो, दात विचकून हसतो आणि समोरून येणारं विमान त्याला कधीच वेळेवर दिसत नाही. बाकीचं थिएटर टाळ्या वाजवत असताना सासरेबुवा हात बांधून बसतात. "समोरचा एवढा बावळट असता," ते म्हणतात, "तर आम्हाला काय वेड लागलं होतं म्हणून झोप सोडून इंजिनं तपासत होतो?" शत्रूला बावळट दाखवलं की तो आपलाच अपमान, असा त्यांचा हिशेब आहे आणि मला तो पहिल्यांदा ऐकला तेव्हापासून पटलेला आहे. फक्त तो टाळ्यांच्या मध्ये मांडायचा नसतो, एवढंच.

ते नेहमी बरोबरच असतात असंही नाही हो. एकदा एका परदेशी सिनेमातल्या दोन मजली पंखांच्या विमानावरून त्यांनी मध्यंतरात वडापाव खात असलेल्या एका अनोळखी गृहस्थाशी एवढा वाद घातला की त्या गृहस्थांनी उरलेला वडा तसाच ठेवला. त्या आठवड्यात मी कुठून तरी माहिती काढली, तर सिनेमा बरोबर आणि सासरेबुवा चूक. मी घाबरत घाबरत सांगितलं. त्यांनी "असं" एवढंच म्हटलं. दुसऱ्या दिवशी आमच्या घरी डबाभर तळलेली मांदेली आली. आपलं चुकलं असं सासरेबुवा तोंडानं कधी म्हणत नाहीत, मासळी पाठवतात. सासूबाई म्हणतात की पंचावन्न वर्षांच्या संसारात त्यांनी यामुळं मांदेली फार कमी खाल्ली.

विमानतळ सुटून जमाना झाला, पण विमानतळाची शिस्त काही सुटलेली नाही. कुठल्याही वाहनात बसण्याआधी ते त्याच्याभोवती एक पूर्ण प्रदक्षिणा घालतात. टायर दाबून बघतात, वाकून खाली तेल गळतंय का पाहतात, मग अंगठा वर करून चालकाला दाखवतात आणि तोही उलट अंगठा दाखवत नाही तोवर आत पाय टाकत नाहीत. माझ्या स्कूटरचं ठीक आहे, ती जावयाची आहे. पण कामतघरच्या नाक्यावर एका नव्या रिक्षावाल्यानं त्यांना ही तपासणी करताना बघून विचारलं होतं, "चाचा, बैठना है के खरीदना है?" सासरेबुवांनी मागच्या चाकाचा एक ढिला नट त्याला बोटानं फिरवून दाखवला. तेव्हापासून नाक्यावरचे सगळे रिक्षावाले त्यांना बघितलं की आपणहून अंगठा दाखवतात, अगदी भाडं नको असलं तरी.

लूमच्या खडखडाटाचंही तसंच. आमच्या भिवंडीत बाहेरगावचा पाहुणा आला की पहिले दोन दिवस डोकं धरून बसतो. सासरेबुवांनी मात्र घर घेताना मुद्दाम कारखान्याची सामाईक भिंत निवडली. इंजिनं चालू असली की त्यांना गाढ झोप लागते. वीज जाते, लूम एकदम थांबतात, सगळं कामतघर सुटकेचा निःश्वास टाकतं, आणि हे गृहस्थ ताडकन उठून बसतात. "काय झालं? आवाज का बंद झाला?" शेजारचा कारखाना ज्यांचा, ते मुनीरभाई त्यांचे जुने दोस्त. मुनीरभाई म्हणतात, "माझ्या लूमचा आवाज आवडणारा दुनियेत एकच माणूस हाय. माझी बायको पण नाय."

आणि ते स्टूल. ते स्टूल मला आधी सांगायला हवं होतं, कारण सासरेबुवांच्या आधी माझी त्याच्याशीच ओळख झाली. मुलगी बघायला म्हणून मी पहिल्यांदा त्या घरी गेलो तेव्हा उंबऱ्याबाहेर, बरोबर वाटेत, एक उंच लाकडी स्टूल ठेवलेलं होतं. मी त्यावर गुडघा आपटला आणि भावी सासऱ्यांसमोर लंगडत प्रवेश केला. नंतर कळलं की घरातलं माणूस बाहेर गेलं की ते स्टूल बाहेर येतं आणि माणूस परत आलं की आत जातं. नीलिमा, म्हणजे माझी बायको, शाळेत असल्यापासून हे बघत आलेली. ती कॉलेजातून यायची, सासूबाई बाजारातून यायच्या, स्टूल तिथंच असायचं आणि त्याच्या शेजारी सासरेबुवा. गंमत म्हणजे सगळे घरी आले तरी ते लगेच आत जात नसे. बराच वेळ तसंच बाहेर उभं. "सगळे आलो ना, मग आता कोण यायचंय?" असं सासूबाई विचारून विचारून थकल्या आणि शेवटी त्यांनी त्यावर तुळशीची कुंडी ठेवायचा प्रयत्न केला. सासरेबुवांनी कुंडी उचलून खाली ठेवली.

तर असे आमचे सासरेबुवा. त्यांच्या आयुष्यात खराखुरा सिनेमा आला तो माझ्यामुळं. मी जवळच्या वळ गावात एका गोडाऊनच्या ऑफिसात कामाला आहे. आमच्या शेजारचं गोडाऊन काही महिने रिकामं होतं आणि ते एका सिनेमावाल्यांनी शूटिंगसाठी घेतलं. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत डोकावलो तर आत चक्क लढाऊ विमान. प्लायवुडचं, एका बाजूनं रंगवलेलं, दुसऱ्या बाजूनं नुसत्या फळ्या, पण विमान. सिनेमाचं नाव मी सांगत नाही; लढाईवरचा होता आणि विमानतळावरचा होता एवढं पुरे. संध्याकाळी मी ही बातमी कामतघरला दिली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सासरेबुवा इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या दारात हजर झाले.

त्या दिवशी गोडाऊनमध्ये जे झालं त्याची मला आधीच कल्पना यायला हवी होती. त्यांनी प्लायवुडच्या विमानाभोवती प्रदक्षिणा घातली. फळ्यांच्या बाजूला गेल्यावर त्यांचा चेहरा बघवेना. मग त्यांनी ठरलेला प्रश्न विचारला, "शिडी कुठंय?" सुताराला माहीत नव्हतं, कॅमेरावाल्याला माहीत नव्हतं, आणि रखवालदार त्यांना बाहेर काढायच्या बेतात असताना दिग्दर्शकाची सहायक, जीन्स घातलेली एक तिशीतली बाई, पुढं आली आणि म्हणाली, "सर, कसली शिडी? मला सांगा ना." आमच्या सासरेबुवांना आजवर थिएटरात "ओ काका, गप्प बसा" सोडून कुणी काही म्हटलं नव्हतं. सांगा ना, असं पहिल्यांदाच कुणी म्हणालं. दोन खोकी उलटी टाकून ती दोघं बसली. मी ऑफिसात जाऊन कामं उरकून परत आलो तरी बसलेलीच. तीन वेळा चहा आला होता. स्कूटरवरून परत येताना वडपे नाक्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो तरी ते खुशीत होते. "पोरगी हुशार आहे," म्हणाले. "मध्ये बोलत नाही."

वर्ष गेलं असेल. एका रविवारी आम्ही कामतघरला जेवायला गेलो असताना मुनीरभाई हातात फोन घेऊन आले. "साब, तुझा पिच्चर येतोय. ट्रेलर बघ." आम्ही सगळे फोनवर वाकलो. विमानं, धूर, झेंडा, नायकाचा लोंबता मास्क. सासरेबुवा रंगात आले होते, "आला बघा बेशुद्ध पडायला" वगैरे चाललं होतं. आणि मग एक दृश्य आलं. एक मेकॅनिक शिडीच्या पायरीवर डोकं टेकून गाढ झोपलाय. लगेच पुढचं दृश्य, पेट घेतलेलं विमान खाली कोसळतंय. लगेच कुणा अधिकाऱ्याचा ओरडण्याचा आवाज, "ये किसकी गलती है?" आणि सिनेमाचं नाव झळकलं. सासरेबुवांनी फोन मुनीरभाईंच्या हातात दिला, उठले आणि आत जाऊन पडले. जेवायला आले नाहीत.

त्यानंतरचे दिवस आम्हाला कुणालाच आठवायला आवडत नाहीत. भांडकुदळ माणूस गप्प झाला की घराला कसा घोर लागतो ते तेव्हा कळलं. टीव्हीवर एक जुना विमानांचा सिनेमा लागला, नायक उडी मारून विमानात बसला, सासूबाईंनी आशेनं त्यांच्याकडे पाहिलं, आणि हे नुसते बघत राहिले. रिक्षात प्रदक्षिणा न घालता बसू लागले. नाक्यावरच्या एका रिक्षावाल्यानं मला थांबवून विचारलं, "चाचा की तबीयत ठीक है ना? अंगूठा नहीं दिखाते आजकल." नीलिमा रोज फोन करायची आणि फोन ठेवून डोळे पुसायची. शेवटी मीच गेलो. लूम चालू होते, ते भिंतीला टेकून बसले होते, आणि मी काही विचारायच्या आत बोलायला लागले.

"आम्ही दोघं एका विमानावर होतो. मी आणि कुट्टन. केरळचा. माझ्याएवढाच, पोरगाच. शिडी लावायचं काम त्याचं. वैमानिक चढला की शिडी काढायची, पण आत हँगरच्या शेडमध्ये न्यायची नाही. विमान परत येईपर्यंत शिडी बाहेरच उभी. हा काही हुकूम नव्हता. आमच्यातली रीत होती. शिडी आत नेली म्हणजे येणाऱ्याला दार लावलं, असं वाटायचं आम्हाला. त्या दुपारी आमचं विमान गेलं ते आलं नाही. तेल किती वेळ पुरतं ते सगळ्यांना ठाऊक असतं. ती वेळ टळली, बाकीचे गेले. मी पण गेलो, मला दुसऱ्या विमानावर घातलं. कुट्टन नाही हलला. शिडी धरून बसला. सकाळी बसल्या बसल्या त्याचा डोळा लागला, आणि तेवढ्यात कुणी तरी साहेब तिथून गेले. संध्याकाळपर्यंत कँटीनमध्ये बोलणं सुरू. हाच तो, झोपणारा मेकॅनिक. याचंच विमान पडलं. चौकशी झाली, कागदावर कुणाचाच दोष नाही. मी पण सांगितलं, तो आधी नाही झोपला, नंतर झोपला. पण माणसांची तोंडं कुठं कागद वाचतात? त्यानं कसाबसा नोकरीचा करार पुरा केला आणि गावी गेला. सायकलचं दुकान टाकलं. मागं त्याच्या मुलाचा फोन आला, वडील गेले म्हणून."

"पण त्या बाईंना तुम्ही नीट सांगितलं असणार ना," मी म्हणालो.

"नीट सांगितलं. पण सिनेमात आधी काय आणि नंतर काय, ते कात्रीवाल्याच्या हातात. लोक खरं विसरतात हो जावईबापू. सिनेमा नाही विसरत. आता कुट्टनची नातवंडं बघतील, आजा झोपला आणि विमान पडलं." मग भिंतीकडे बघत म्हणाले, "जन्मभर या सिनेमावाल्यांना खोटं पाडत आलो. आणि त्याचं नाव खराब करायला शेवटी मीच तोंड उघडलं."

त्या सहायक बाईंना गाठायचा मी प्रयत्न केला, पण त्यांचा नंबर कुणी घेतलेला नव्हता, सिनेमावाले केव्हाच गेले होते, आणि जिथं प्लायवुडचं विमान उभं होतं तिथं आता छतापर्यंत लहान मुलांच्या लंगोटांची खोकी रचलेली होती. ती खोकी बघत मी बराच वेळ उभा राहिलो. एका माणसाची लाज इथं तयार झाली आणि ट्रकात घालून नेली, असं काहीतरी मनात येत होतं.

सिनेमा लागला. सासरेबुवा म्हणाले, मी येणार नाही. नीलिमानं विनवलं, सासूबाई रागावल्या. शेवटी मुनीरभाईंनी वेगळाच डाव टाकला. "नको येऊ साब. मी एकटा जातो, बघतो, नि येऊन तुला सगळी इस्टोरी सांगतो." आता मुनीरभाई सिनेमाची गोष्ट कशी सांगतात हे सगळ्या कामतघरला माहीत आहे. ते शेवटापासून सुरुवात करतात, नायकाचा बाप आणि सासरा एक करतात आणि मध्येच दुसऱ्या सिनेमाची गाणी घालतात. सासरेबुवांनी डोळ्यांसमोर ते चित्र आणलं असावं. एखाद्या मिनिटानं म्हणाले, "माझा शर्ट इस्त्री केलाय का?"

आम्ही पाचही जण गेलो. सासूबाईंनी नवऱ्याबरोबर विमानांचा सिनेमा बघायचा नाही अशी शपथ घेऊन बरीच वर्षं झाली होती. ती त्यांनी त्या दुपारी मोडली आणि सासरेबुवांच्या शेजारी, कडेच्या दुसऱ्या खुर्चीत, पदर खोचून बसल्या. सिनेमा सुरू झाला. भोंगा वाजला, कप फेकला गेला, नायक धावला. मी डोळे मिटून घेतले. काही आवाज आला नाही. मास्क लोंबला, वैमानिकांनी हवेत भावाभावांसारख्या गप्पा मारल्या, शत्रूनं दात विचकले, आणि आमच्या रांगेतून हूं की चूं नाही. पुढच्या रांगेतला एक जण दोनदा मागं वळून बघून गेला, काय बिघडलंय म्हणून. मध्यंतरात थिएटरचे मॅनेजर स्वतः आले. त्यांनी आजवर सासरेबुवांना निदान सहा वेळा बाहेर काढायची धमकी दिलेली आहे. हळूच मला म्हणाले, "काकांना बरं नाही का? पाणी पाठवू?"

मध्यंतरानंतर ते आलं. विमान उडालं. आता आपण विमानाबरोबर जाणार, असं आम्ही सगळे धरून बसलो, कारण सिनेमा नेहमी विमानाबरोबरच जातो. पण कॅमेरा गेला नाही. तो खालीच राहिला. विमान ठिपका झालं, ठिपका दिसेनासा झाला, आणि पडद्यावर उरली एक लांबच लांब धावपट्टी आणि शिडीला हात लावून उभा असलेला एक पोरगा. मागून पेटलेल्या विमानाची बातमी नुसती वायरलेसवर आली. लोक एकेक करून निघून गेले. तो पोरगा शिडीच्या पायरीवर बसला. उन्हं उतरली, अंधार झाला, उजाडलं. आणि मग, त्याच्यानंतर, त्याचं डोकं पायरीला टेकलं. आधी नाही, नंतर. जे आमच्या फोनवर आधी होतं ते इथं नंतर होतं. एक अधिकारी येतो, पोराकडे बघत उभा राहतो, अंगातला कोट काढतो आणि त्याच्या खांद्यावर घालतो. "ये किसकी गलती है" हे त्यानं म्हटलं ते ओरडून नव्हे. आणि पोराला नव्हे, रिकाम्या धावपट्टीकडे बघून.

माझ्या पलीकडे मुनीरभाई रुमालात तोंड खुपसून रडत होते. पण ते गाण्यांनाही रडतात. मी सासरेबुवांकडे बघायची हिंमत केली. ते ताठ बसले होते. सासूबाईंनी त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला होता आणि तो भरथिएटरात धरू दिला जात होता. नीलिमा माझ्या कानाशी म्हणाली, "बाबा श्वास घेताहेत." खरंच, किती तरी आठवड्यांनी छातीतून मोकळा श्वास घ्यावा तसे त्यांचे खांदे खाली आले होते. माझेही आले. मला इतकं हलकं वाटलं की सिनेमा पुढं कसा संपला ते मी सांगू शकत नाही, मुनीरभाईंना विचारावं लागेल.

बाहेर येऊन आम्ही टपरीवर चहा घेतला. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली, एक घोट घेतला आणि म्हणाले, "शिडी उजवीकडं लावली होती गाढवांनी."

नीलिमा एकदम हसली आणि हसता हसता रडायला लागली. सासरेबुवा सुटले होते. "तीनदा सांगितलं त्या पोरीला, शिडी डावीकडं, डावीकडं. उजवीकडून कोण चढतो विमानात? आणि कुट्टनला मिशी नव्हती. फुटली नव्हती तेव्हा."

"साब, उजवीकडचीच बाजू रंगवलेली होती ना तुझ्या त्या विमानाची," मुनीरभाई म्हणाले. "डावीकडं फळ्या होत्या, तूच तर सांगत होतास."

"मग डावी रंगवायची," सासरेबुवा म्हणाले. "आणि दुसरं. समोरच्यांच्या विमानतळावर शिडी दाखवलीच नाही. त्यांचंही एक पडलं ना पिक्चरमध्ये, ट्रेलरातलं ते पेटलेलं? मग तिथंही कुणी पोरगा शिडी धरून उभा असणारच की. तो कुणी दाखवायचा?" टपरीवाल्यानं न सांगता त्यांचा कप पुन्हा भरला.

मग मी विचारू नये ते विचारलं. "आणि तो कोट? त्या साहेबांनी घातला होता?"

ते बशीकडे बघत राहिले. ज्यानं आयुष्यभर बुटाच्या नाड्यांपर्यंत सिनेमातल्या चुका काढल्या, त्याला ही सगळ्यात मोठी चूक दिसली नसेल असं शक्यच नव्हतं. "नाही," ते म्हणाले. "कुणी नाही घातला. थंडी होती चांगली. मी सकाळी गेलो तेव्हा काकडला होता. शिडी त्याच्यानं उचलवेना, म्हणून मीच आत नेली." आणि बशी खाली ठेवून म्हणाले, "पण ते राहू द्या. कोट राहू द्या तसाच."

परतताना त्यांनी रिक्षाभोवती पूर्ण प्रदक्षिणा घातली आणि अंगठा दाखवला. रिक्षावाल्यानं दोन्ही अंगठे दाखवले. घरी पोहोचलो तेव्हा स्टूल दुपारपासून बाहेरच उभं होतं. आम्ही सगळे आत आल्याबरोबर सासरेबुवांनी ते उचललं आणि आत आणून भिंतीशी ठेवलं. सासूबाई नीलिमाकडे बघत राहिल्या, नीलिमा माझ्याकडे. इतक्या वर्षांत सगळे आल्याआल्या ते स्टूल आत आलं असं कधी झालं नव्हतं. मुनीरभाईंनी पलीकडे जाऊन कारखाना सुरू करायला सांगितलं असावं, कारण थोड्याच वेळात भिंत थरथरू लागली आणि सासरेबुवा खुर्चीतच झोपी गेले.

गेल्या रविवारी मी सकाळीच कामतघरला गेलो होतो. आता दारात काही नसणार, अशा भरवशावर ताडताड चाललो होतो, आणि गुडघा सणकून स्टुलावर आपटला. सासूबाई भाजीला गेल्या होत्या. "डावीकडून यावं माणसानं," आतून आवाज आला, "किती वर्षं सांगायचं?" मी गुडघा चोळत पायरीवर बसलो आणि खरं सांगतो, फार बरं वाटलं. सासरेबुवा बाहेर आले, स्टुलावर एक हात ठेवून उभे राहिले आणि गल्लीच्या तोंडाकडे बघू लागले. मीही बघू लागलो. थोड्या वेळानं सासूबाई हातात पिशवी घेऊन वळणावर दिसल्या, तशी सासरेबुवांनी स्टूल उचलायला दुसरा हात लावला.